धाकटीचं इंग्रजी

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण ज्या कुणी बाईने केली तिला माझ्या धाकट्या जावेसारखी जाऊ असणार. धाकटी वाईट आहे असं नाही. पण तिचं कौतुक कुणी केलं की माझ्या पोटात दुखतं, आणि आज मी स्वतःच तिच्याबद्दल लिहायला बसलेय. तेव्हा मध्येच एखादा टोमणा निसटला तर सांभाळून घ्या.

ती येण्याआधी आमच्या घरातलं इंग्रजी म्हणजे मी. वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट आहे, करार आणि नोटिसा रोज माझ्या बोटांखालून जातात. बँकेचं पत्र येवो की औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद असो, सासरे म्हणायचे, थोरलीला दाखवा. माझे शब्दही भारदस्त. पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश. असा शब्द टाकला की समोरचा जरा सरळ होऊन बसतो.

धाकटी हॉटेलच्या काउंटरवर काम करते. शिक्षण माझ्याइतकंच, पण इंग्रजी सगळं पाहुण्यांकडून उचललेलं. तिच्यापाशी मोठा शब्द औषधालाही सापडायचा नाही. गेट, पुट, टेक, कम, गो अशी चार चिल्लर क्रियापदं आणि त्यांच्या शेपटाला अप, डाऊन, ऑफ, आऊट. मी पोस्टपोन म्हणते तिथे ती पुट ऑफ म्हणणार, टॉलरेटच्या जागी पुट अप विथ, आणि आग विझवायची तर पुट आऊट. एकाच कढईत सगळा स्वयंपाक उरकणाऱ्या बायका असतात ना, तसा हा प्रकार. बरं, अंगात नम्रपणा तरी असावा. तोही नाही. हॉटेलातून फोन आला की ही गॅलरीत जाऊन बोलणार, म्हणजे समोरच्या इमारतीलाही लाभ व्हावा. चुकतेही भरपूर. एकदा जेवताना 'डिस्कस अबाउट' म्हणाली, तेव्हा डिस्कसपुढे अबाउट लागत नाही, अशी मी सगळ्यांदेखत चूक दाखवली. दीर हसले, आणि त्यांच्याहून जास्त ती स्वतः हसली. अशा बाईचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

इथपर्यंत मी सगळं गिळलं. तिला मूलबाळ नाही, म्हणून बऱ्याच गोष्टी मी सोडून देत आले. पण लेक म्हणजे काही वाटीभर भाजी नव्हे, शेजारी द्यायला.

माझी मुलगी नर्स झाली आणि परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीच्या परीक्षेला बसली. लेखीची तयारी मी करून घेतली, त्यात उत्तम गुण मिळाले. तोंडी परीक्षेत मात्र परीक्षक बाई पेशंट होऊन कण्हत म्हणाल्या, "आय कीप थ्रोइंग अप." पोरीला व्हॉमिट येत होतं, थ्रो अप येत नव्हतं. पुढेही असंच, आणि नापास.

घरी आल्यावर रडायला माझ्या कुशीत आली, शिकायला मात्र काकूकडे गेली. मला म्हणाली, "आई, तुझं इंग्रजी कागदावरचं आहे गं. पेशंट तसं बोलत नाहीत."

पिकतं तिथे विकत नाही, असं मी पुटपुटले. ते तिने ऐकलं नाही.

आमची आणि धाकटीची स्वयंपाकघरं शेजारी शेजारी, मधल्या भिंतीला भांडी सरकवायला एक खिडकी. रोज संध्याकाळी पलीकडे शिकवणी सुरू झाली. धाकटीची पद्धत अशी की जे म्हणायचं ते करायचं. टर्न डाऊन म्हणत गॅस बारीक करायचा, वाइप अप म्हणत सांडलेलं दूध पुसायचं, पुट अवे म्हणत डबे फळीवर ठेवायचे. पहिल्या दिवशी मी एवढं ऐकलं. मग दोघी खिदळायला लागल्या आणि मी मिक्सर लावला.

त्यानंतर रोज लावला. वाटायला काही नसलं तरी लावला. एकदा खिडकीतून पाहिलं तर लेक फरशीवर डोळे मिटून पडलेली, धाकटी तिच्या तोंडावर पाणी शिंपडत काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणते आहे, आणि पोरगी उठून तिच्या गळ्यात पडते आहे. काय म्हणत होत्या ते मिक्सरच्या आवाजात ऐकू आलं नाही. मला ऐकायचंही नव्हतं. अशी हसत माझ्या गळ्यात ती शेवटची कधी पडली, ते आठवत मी मोकळं भांडं फिरवत राहिले.

मुलगी पास झाली, परदेशी गेली. तिथून फोन आला की माझ्याशी जेवलीस का, झोपलीस का, आणि मग, "काकू आहे का गं?" पुढचा अर्धा तास काकूचा. मी भाजी निवडत बसायची.

एका रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात असताना माझ्या फोनवर तिकडचा अनोळखी नंबर आला. तिची घरमालकीण होती. अडीअडचणीला म्हणून लेकीने माझा नंबर दिला होता, काकूचा नव्हे, हे आधी लक्षात आलं आणि बरं वाटलं. मग बाई बोलायला लागली. पास्ड आऊट, म्हणाली. केम राउंड, म्हणाली. रन डाऊन, गेट ओव्हर, लुकिंग आफ्टर. शब्द न् शब्द माझ्या ओळखीचा, आणि अर्थ एकाचाही लागेना. मी म्हटलं, "कुड यू क्लॅरिफाय?" तिने तेच सगळं आणखी मोठ्याने सांगितलं.

लेकीला काहीतरी झालंय, एवढं त्या आवाजावरून कळत होतं. खिडकीत धाकटी उभी होती, हाताला साबण, हातात पेला. तिने फोन मागितला नाही. आणि मी, या मुलीची आई, फोन कानाला घट्ट धरून येस, येस म्हणत होते, कारण तो द्यायचा कुणाला, तर हिला.

शेवटी दिला. धाकटीने ओल्या हातानेच घेतला, दोन प्रश्न विचारले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चक्कर येऊन पडली होती, जाऊबाई. आता शुद्धीवर आहे. कामाने थकलीय, दुसरं काही नाही. त्या बाई बघताहेत तिच्याकडे."

फरशीवर डोळे मिटून पडलेली लेक आठवली. पास्ड आऊट, केम राउंड, हेच शब्द होते तर. आणि मी मिक्सर लावला होता.

तेवढ्यात घरमालकिणीने फोन मुलीकडे दिला असावा. पलीकडून बारीक आवाज आला, मलासुद्धा ऐकू आला. "काकू?"

धाकटीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. म्हटलं, झालं, आता अर्धा तास. ती बोलली असती तर मी तरी कोणत्या तोंडाने अडवणार होते? पण तिने फोन माझ्यापुढे केला.

"घ्या," ती म्हणाली. "रडणार आहे ती आता. ते आईपाशीच करायचं असतं."

मी फोन कानाला लावून हॅलो म्हटलं, आणि लेकीला खरंच रडू फुटलं. काही सांगत नव्हती, नुसती आई, आई. पुष्कळ वेळ तसंच चाललं.

ऐकता ऐकता खिडकीतून पलीकडे नजर गेली. धाकटी पाठ करून उभी होती. तोच एक पेला पुन्हा पुन्हा धूत होती, आणि नळ पूर्ण सोडला होता. एका पेल्याला एवढं पाणी लागत नाही. ते कशाला लागतं, ते रोज रिकामा मिक्सर फिरवलेल्या मला ठाऊक होतं.