भिंगारची भिंत आणि दाऊदची जीप

नाशिकहून निघालो तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर दोन पाणी फवारायच्या बाटल्या, चार स्पंज, एक प्लास्टिकची पट्टी आणि माझा आत्मविश्वास एवढं सामान होतं. यातलं पहिल्या तीन प्रकारचं सामान सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मोजून ठेवलं होतं. चौथ्याबद्दल तिचं मत वेगळं होतं.

"तुला लोणच्याच्या बरणीवरचं लेबल धड काढता येत नाही," ती सिन्नरच्या अलीकडेच म्हणाली. "आणि तू लोकांच्या भिंतीवरचं पोस्टर काढायला चाललायस."

तिचं बरोबर होतं. मोटारींच्या शर्यतींची जुनी पोस्टरं जमवायचा मला नाद आहे, पण आजवर मी ती काढलेली नाहीत, विकत आणलेली आहेत, तीसुद्धा काचेच्या चौकटीत बसवलेली. एकदा मात्र अशाच नादिष्टांच्या इंटरनेटवरच्या एका गटावर, भिंतीवरचं पोस्टर सोडवायची रीत मी मोठ्या अधिकाराने तीन परिच्छेदांत लिहून टाकली. कुठेतरी वाचलं होतं. ते भिंगारच्या रूथताईंच्या वाचनात आलं आणि त्यांनी मला थेट विचारलं: आमच्या घरात शर्यतीचं एक जुनं पोस्टर आहे, ते ज्या भिंतीवर आहे ती भिंत शनिवारी पाडायची आहे, निघेल का? सोबत फोटो. फोटोखाली एक वाक्य: "त्यावर माझ्या चुलत सासऱ्यांचा चेहरा आहे. त्यांचा दुसरा फोटो जगात कुठेच नाही."

मी "नक्की" असं लिहिलं. हे लिहायला मला चार सेकंद लागले. पुढचे आठ दिवस झोप लागली नाही.

शुक्रवारी सकाळी निघालो. डिसेंबरचे दिवस, कारखाने चालू. संगमनेर मागे टाकून कोल्हारकडे वळलो तसे उसाचे ट्रॅक्टर लागले. एकामागे दोन दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर असा लोंबलेला की मागच्याला रस्ता नव्हे, शेतच चालत असल्याचा भास व्हावा. राहुरीजवळ एका साध्या खानावळीत शेंगोळं (हुलग्याच्या पिठाची वळलेली कडबोळी, झणझणीत रश्श्यात शिजवलेली) खाल्लं. वाढणाऱ्या बाईंनी माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून विचारलं, "लई तिखट झालं का?" मी मानेने नाही म्हणालो. तोंडाने बोलण्याची सोय उरली नव्हती.

नगर आलं. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण बसच्या कंडक्टरपासून चहावाल्यापर्यंत सगळे नगरच म्हणतात. तिथून भिंगार म्हणजे लागूनच. तरी मी चुकलो आणि लष्कराच्या एका फाटकासमोर जाऊन उभा राहिलो. पहाऱ्यावरच्या जवानाने मागच्या सीटवरच्या फवारणीच्या बाटल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता हाताने मागचा रस्ता दाखवला. सुनंदा पुढची दहा मिनिटं हसत होती.

रूथताईंचं घर जुन्या बाजारामागच्या गल्लीत. त्या शाळेत शिकवतात. नाताळ जवळ आलेला, त्यामुळे ओट्यावर करंज्यांचा डबा आणि दारात चुन्याची बादली. मागच्या अंगाला मुलासाठी खोली काढायची म्हणून मधली भिंत जायची होती. मुलाचं लग्न ठरलंय. आत गेलो तर एक म्हातारे गृहस्थ त्या भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसले होते. हे रूथताईंचे सासरे, प्रभाकरकाका. वय चौऱ्याऐंशी.

"आठवडा झाला, जेवणही इथेच," रूथताई हळूच म्हणाल्या. "भिंत पाडू नका असं एकदाही म्हणाले नाहीत. तेच वाईट वाटतं."

मी भिंतीकडे पाहिलं.

सगळी भिंत चुन्याने पांढरीफेक, आणि मध्ये दोन हात रुंद, तीन हात उंच चौकोन सोडलेला. चुन्याच्या कडा दरवर्षीच्या हातांनी चांगल्या बोटभर जाड झालेल्या. म्हणजे इतक्या वर्षांच्या इतक्या नाताळांत रंगवणाऱ्याचा एकही शिंतोडा आत गेला नव्हता. चौकोनात खाली लाकडी ठशांची जाडजूड अक्षरं: मोटारींची जंगी शर्यत. वर हाताने रंगवलेलं चित्र: धुळीचा पिवळा लोट, त्यातून उसळलेली, टप नसलेली एक जीप, आणि चाकावर पुढे झुकलेला तरुण. माझ्या घरी असलेल्या परदेशी पोस्टरांतले ड्रायव्हर देखणे आहेत, पण त्यांतला एकही माझ्याकडे बघत नाही. हा बघत होता. भुवया आखडलेल्या, ओठ घट्ट, दाढी वाढलेली.

"हा दाऊद. माझा थोरला भाऊ," प्रभाकरकाका म्हणाले. "फोटोवाल्यापुढं बसायचा न्हाई. बूड टेकायचंच न्हाई त्याचं. पेंटरनं मग त्याला जीपमध्ये बसवला, हातात स्टेअरिंग दिलं. तवा कुठं तासभर गप बसला."

"काळजी करू नका काका," मी म्हणालो आणि फवारणीची बाटली उचलली. "आधी कोमट पाण्याने कागद भिजवून घेऊ."

काका खुर्चीतून इतक्या झटकन उठले की खुर्चीच आडवी झाली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"अहो साहेब! हा डिंकात कालवलेला रंग हाय. पाणी मारलंत तर दाऊद वाहून जाईल."

माझं बोट बाटलीच्या घोड्यावर होतं. एका माणसाचा जगातला एकुलता एक चेहरा मी कोमट पाण्याने धुऊन काढणार होतो, तेही या घरच्यांनी मला बोलावून, करंजी खाऊ घातल्यावर. सुनंदाने माझ्या हातातून बाटली शांतपणे काढून घेतली आणि पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं. नंतर रूथताईंनी सांगितलं की ती तुळस शेजाऱ्यांची होती.

मग मी कबूल केलं. म्हणालो, "काका, मला यातलं काही येत नाही. मी फक्त लिहिलं होतं."

काकांनी आडवी झालेली खुर्ची उभी केली. "गाडी हाय ना तुमच्याकडं?" ते म्हणाले. "चला मग. गोल दाखवतो."

गोल म्हणजे शर्यतीची वाट. वस्तीपलीकडच्या माळावर आम्ही उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. समोर नुसतं वाळलेलं गवत आणि चार शेळ्या. मी मनातून खट्टू झालो. "थांबा जरा," काका म्हणाले. सूर्य आणखी खाली गेला आणि गवताखालून जमीन वर आली. आधी एक लांबट सावली, मग तिला वळण, मग समोरच्या टोकाला पुरुषभर उंचीचा मातीचा बांध, आणि बघता बघता अख्खा लंबगोल माळावर उमटला. नांगर कधी लागला नव्हता, म्हणून पुसला नव्हता. सुनंदा, जिला माझ्या नादाचा कंटाळा आहे, ती माझ्या आधी त्या गोलात उतरली आणि वळणावर जाऊन उभी राहिली.

"लष्कराच्या लिलावात मोडक्या जीपा मिळायच्या," काका सांगू लागले. "गॅरेजवाले टप काढायचे, दारं काढायचे. काही जणांनी तर ब्रेकपन काढले, वजन नको म्हणून. लोक बैलगाड्या लावून त्यावर उभे राहायचे. धूळ बसावी म्हणून सकाळपासून टँकर फिरायचा. आन् तरी पहिल्या फेरीला काय दिसायचं न्हाई. नुसता आवाज. दाऊद आला का न्हाई, ते आमी आवाजावरनं वळखायचो."

"जिंकायचे का?" मी विचारलं.

"एकदाच. बाकी टायमाला वळणावर बाहेर." ते हसले. "पोस्टरं मात्र मी चिकटवायचो. पार राजूरपर्यंत गेल्तो सायकलीवर. खळ (मैदा शिजवून केलेला चिकट लगदा) मीच शिजवायचो, मोरचूद घालून. म्हंजे कसर लागत न्हाई, शेळ्या खात न्हाईत. एक उरलं, ते आईनं घरात लावायला लावलं. पुढं दाऊद ट्रकवर लांब गेला. तिकडंच तापानं गेला. आमाला पत्रच आलं फक्त."

शेळ्या बांधावरून पलीकडे उतरल्या. आम्ही तिघं त्या वळणावर उभे होतो, आणि इतकी शांतता होती की मला जीप ऐकू येईल असं वाटलं.

शनिवारी सकाळी आठला गवंडी आले. भागवत मिस्त्री, शेजारच्या गावचे शेतकरी. शेतीत काम नसलं की थापी हातात घेणारे. त्यांनी भिंतीवर बोट वाजवलं, गिलाव्याचा पोपडा नखाने उकरला, मग मागच्या अंगणात जाऊन तिकडून भिंत बघितली. परत आले.

"हे तज्ज्ञ का?" त्यांनी रूथताईंना विचारलं.

"होते," सुनंदा म्हणाली.

"मग ऐका. भिंतीवरनं पोस्टर न्हाई निघायचं. मातीचा गिलावा हाय, कागदाच्या आधी तोच फाटंल. पर भिंत तर आपल्याला पाडायचीच हाय ना? मग पोस्टरावरनं भिंत काढू."

कुणालाच कळलं नाही. त्यांनी करून दाखवलं. आधी छपराला दोन टेकू दिले. पोस्टरावर मऊ गोधडी लावली, गोधडीवर लाकडी बाज उभी करून दाबली, बाजेला बांबूंचा टेकू. मग अंगणाच्या बाजूने, वरून खाली, एकेक कच्ची वीट हलक्या हाताने सोडवायला घेतली. बाज धरून ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

"हलू नका," मिस्त्री पलीकडून ओरडायचे. "तुमी भिंत हायसा असं समजा."

तीन तास मी भिंत होतो. नाकावर माशी, पाठीत उसण, कानावर विटा निघाल्याचा खरखर आवाज. काका माझ्याशेजारी उभे, एक हात बाजेवर. मध्येच एकदा गिलावा 'कट्' असा बोलला. पलीकडचा हात थांबला. मग मिस्त्रींचा आवाज आला, "कायबी न्हाई. खालचा कोपरा गेला. अक्षरं गेली, मानूस हाय."

दुपारी बारा वाजता माझ्या समोरून प्रकाश आला. विटा संपल्या होत्या. आम्ही चौघांनी बाज हळूहळू आडवी केली. पोस्टर गोधडीवर पालथं, वर मातीचा पातळ थर. पाणी नाही, हत्यार नाही. रूथताईंनी स्वयंपाकघरातले चमचे आणले आणि आम्ही सगळे बाजेभोवती बसून माती खरवडू लागलो. माती सुटत गेली तशी कागदाची पाठ दिसू लागली. तिच्यावर खळीचे फराटे होते, मोरचुदाने फिकट हिरवे झालेले, मधून बाहेर पंख्यासारखे पसरलेले. फराट्यांत पाच बोटं स्पष्ट होती.

काका थांबले. चमचा खाली ठेवला. "कुंचा न्हवता आमच्याकडं," ते म्हणाले. "पंजानं लावायचो."

त्यांनी आपला सुरकुतलेला हात त्या खुणांवर ठेवला. बोटं जिथल्या तिथे बसली. इतकी वर्षं ते त्या बाजूला भावाला बघत होते. या बाजूला त्यांचाच हात भावाला धरून होता, हे कुणाला दिसायची सोयच नव्हती. मी दुसरीकडे पाहू लागलो. मिस्त्रीही दुसरीकडेच पाहत होते.

मग मिस्त्रींनीच बाजेला हात घातला. "धरा. भाकर उलटायची तशी."

वरून दुसरी बाज, तिला चादर, दोन्ही मिळून एकदम उलटी. गोधडी उचलली. जीपच्या पुढच्या चाकावरून एक चीर गेली होती. शर्यतीची वेळ लिहिलेला कोपरा मातीत गेला होता. चेहरा होता तसा होता. भुवया, ओठ, दाढी.

काकांनी वाकून पाहिलं. "अजून तसाच बघतोय," ते म्हणाले. "कधी सोडता म्हणून."

रूथताईंनी विचारलं की आता कपाटात जपून ठेवायचं का. "कपाटात बसणारा हाय का तो?" काका म्हणाले. "जाड कापडावर घेऊ. नव्या खोलीत लावू, येणाऱ्या पोरीला सासर कळू दे. मैदा हाय ना घरात? आन् मोरचूद मागवा. खळ मी शिजवतो."

निघताना त्यांनी मला नमस्कार करू दिला नाही. हात मिळवला, आणि म्हणाले, "भिंत चांगली झालात."

विळद घाट उतरताना सुनंदा गाडी चालवत होती, कारण माझी पाठ सरळ होत नव्हती. मी तिथे माहीतगार म्हणून गेलो होतो. खरं माहीत होतं ते एका शेतकरी गवंड्याला, आणि खळ शिजवणाऱ्या एका हाताला. माझ्या वाट्याला फक्त न हलण्याचं काम आलं, आणि इतकं मोलाचं काम माझ्या हातून पूर्वी झाल्याचं आठवत नाही.

घरी पोचलो तर शेजारच्या देशमुखवहिनी जिन्यातच भेटल्या. "काय आणलंत नगरहून?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," सुनंदा म्हणाली. "पण यांनी एक अख्खी भिंत पाडली आणि काही मोडलं नाही."

मी हात धुवायला गेलो. नखांत भिंगारची माती होती. नळ सुरू केला, पण हात त्याखाली न धरता जरा वेळ तसाच वाहू दिला.