दाजींचे साक्षीदार वाफे

त्या काळच्या सबंध सातारा जिल्ह्यात गव्हाच्या खालच्या पानाची काळजी वाहणारा एकच माणूस होता, आणि त्या माणसाचे आयुष्यातले सर्वांत मोठे नुकसान करणाराही एकच होता. पहिले आमचे दाजी, दुसरा मी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मूळचे वडूजकडचे, कोरडवाहू माणूस. शिकून शेतकी खात्यात लागले आणि इस्लामपूरपासून अडीच मैलांवरच्या एका लहानशा सरकारी शेतावर गव्हाच्या प्रयोगांचे काम पाहू लागले. मी दोनदा परीक्षेत गचकून घरी बसलो होतो, तेव्हा त्यांनीच खटपट करून मला त्या शेतावर सुपरवायझर म्हणून चिकटवले. त्यांची आठवण लिहायला बसलो की मला आधी हसू येते, आणि मग हसल्याची लाज वाटते.

दाजी उभे असताना फारसे कोणाला दिसलेच नाहीत. गहू ओंबीवर आला की ते दुपारच्या उन्हात वाफ्यांच्या मधल्या पाटात पालथे पडून असत. टोपी बांधावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोंडाने मोजणी चाललेली. त्यांच्या मते उभ्याने गहू बघणे म्हणजे माणसाचे फक्त पागोटे बघून परत येण्यासारखे होते. ते दिवस युद्धाचे आणि धरपकडीचे. एकदा कोणा भूमिगताच्या मागावर निघालेल्या पोलिसांना गव्हात आडवा पडलेला माणूस दिसला. त्यांनी चारी बाजूंनी वेढा घातला आणि हवालदार ओरडला, "हात वर कर!" दाजींनी मान न वळवताच एक हात वर केला आणि म्हणाले, "दुसरा मोकळा न्हाई, पान धरलंय. आन् हवालदार, तुमी चौथ्या ओळीत उभं हाय. बांधानं फिरून या." हवालदार खरोखरच बांधाने फिरून आला. दाजींनी त्याला शेजारी बसवून एका ताटाची सगळी पाने वरून खाली दाखवली. जाताना हवालदार शिपायांना म्हणाला, "चला रं. ह्यो आपला न्हवं."

प्रत्येक प्रयोगाच्या ताटाला ते रंगीत दोरा बांधत. सरकारी दोरा वेळेवर येत नसे म्हणून आक्काच्या लुगड्यांचे काठ उसवले जात. आक्का म्हणायची, "गावात बायका नवऱ्याच्या मेहरबानीनं नवं लुगडं नेसत्यात. माझं जुनं तेवढं गहू नेसतोय." लग्नाला जाणे तर दाजींच्या सोबत नकोच. सांगलीला माझ्याच लग्नात मंगलाष्टके चालू असताना त्यांनी चौरंगावरच्या कलशाखालच्या गव्हाच्या राशीतला एक दाणा हळूच उचलला आणि कडकन दाढेखाली फोडला. आत काचेसारखा चमकला तर गहू खाऊनपिऊन वाढलेला, पांढरा पिठूळ निघाला तर उपाशी राहिलेला, ही त्यांची परीक्षा. दाणा पांढरा निघाला. अंतरपाटाच्या पलीकडून मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "सासरवाडीच्या जमिनीत नत्र न्हाई, पावणं. बघा आता." भटजींचा एक श्लोक चुकला.

हे नत्र म्हणजे दाजींचे दैवत. गव्हाच्या दाण्यात जो कस असतो, ज्याने पोळी ताणली जाते आणि पोराच्या अंगाला मांस लागते, तो त्या नत्राचा. पण ते दाण्यात येते कुठून, हा त्यांचा ध्यास होता. इतर लोक म्हणत, मातीतून. दाजी म्हणत, मातीतून खरे, पण सरळ नव्हे. गहू तरणा असतानाच मुळे नत्र ओढून घेतात आणि पाने त्यातून स्वतःचे हिरवे घर बांधतात. दाणा भरू लागतो तेव्हा जमीन वाळलेली, मुळे थकलेली. मग पाने ते घर मोडायला काढतात. सगळ्यांत खालचे आधी, मग त्यावरचे, आणि ओंबीला लागून असलेले निशाण पान सर्वांत शेवटी. "किस्नेला पूर आला की काठाची मानसं काय करत्यात?" ते मला विचारत. "घर बुडायची वाट बघत न्हाईत. वासं, चौकटी, दारं उतरवून गाडीत घालत्यात आन् वर माळावर नेऊन उभं करत्यात. पान तेच करतंय. खोड ही गाडीवाट. आन् तुमी पिवळं पान बघून म्हंता, रोग पडला! अरं, रोग न्हवं. बिऱ्हाड निघालंय."

एकदा मी, पोथी ऐकून आलेला माणूस, भारावून म्हणालो, "दाजी, पान म्हणजे आईबापासारखेच की." त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिले. "पानाला पुन्य लागत न्हाई, गड्या. कीर्तन नको करू. किती गेलं आन् कवा गेलं, तेवढं सांग." त्यांना फक्त हेच हवे होते, किती आणि केव्हा. त्यासाठी त्यांनी गव्हाचे बारा वाफे आखले होते. सहा वाफ्यांत ठरावीक दिवशी ते स्वतः खालची पाने कात्रीने काढत. उरलेल्या सहांना कोणी हात लावायचा नाही. त्यांना ते 'साक्षीदार' म्हणत. पान काढल्याने दाण्याचे किती नुकसान झाले, हे साक्षीदाराशी ताडूनच कळणार होते. नमुने पुण्याला तपासणीला जायचे. पहिल्या वर्षी तांबेऱ्याने गहू खाल्ला. दुसऱ्या वर्षी गारा पडल्या. तिसऱ्या वर्षी पीक असे उभे राहिले की दाजी पाटातून उठेनातच. त्याच वर्षी वरून कुणकुण आली होती की ती जमीन पुढच्या हंगामात उसाच्या बेण्याला जायची. म्हणजे जे काय व्हायचे ते त्याच हंगामात होणार होते, आणि हे मला पुरते ठाऊक होते. हे मुद्दाम लिहितो, कारण माहीत नव्हते म्हणायची सोय मला राहू नये.

माघात, दाण्यात चीक धरला असताना, वडूजहून दाजींची आई आजारी असल्याचा निरोप आला. निघताना ते मला म्हणाले, "चार दिसांत येतो. तवर तुला एकच काम. काय करू नको." मी हसलो. ते हसले नाहीत. "लय अवघड काम हाय ते. तुला जमंल का, हीच काळजी हाय."

ते गेले आणि दुसऱ्याच दिवशी कागद आला, मोठे साहेब पाहणीला येणार. मी वाफ्यांवर गेलो. दाजींनी पाने काढलेले सहा वाफे खालून कसे स्वच्छ, न्हाव्याकडून आलेल्या माणसासारखे. आणि उरलेले सहा खालून पिवळे, मरगळलेले. मला साक्षीदार माहीत होते. शब्दही माहीत होता. पण साहेबाच्या भीतीने माझ्या डोक्यात एकच शिरले की हे पिवळे बघून साहेब दाजींना बोलणार, जमीन याच हंगामात काढून घेणार, आणि शेतावरचा माणूस म्हणून माझीही शोभा होणार. दाजी घाईत गेले, त्यांचे निम्मे काम राहिले, ते आपण पुरे करू, अशीही एक समजूत मी करून घेतली. दोन सकाळी, बाया कामावर यायच्या आधी, मी एकट्याने सहाही वाफ्यांतली पिवळी पाने ओढून काढली आणि बैलांच्या गव्हाणीत टाकली. बैलांनी ती मिनिटात संपवली. वाफे कसे हिरवेगार दिसू लागले. मला फार बरे वाटले.

साहेब आले. मोटारीतून उतरून ऊस पाहिला, चहा घेतला, आणि गव्हाच्या बाजूला न वळता गेले.

दाजी परत आले ते धूळभरल्या पायांनी थेट वाफ्यांवर. मी मागे उभा होतो. ते वाकले, एक ताट बघितले, दुसरे बघितले, मग दुसऱ्या वाफ्यात गेले, तिसऱ्यात गेले. सहावा बघून झाला. मग न वळता विचारले, "कुनी?"

त्या शेतावर निंदणीला हौसाबाई म्हणून एक विधवा येत असे. तिची एक म्हैस होती आणि संध्याकाळी ती तण बांधून घरी नेई. माझ्या तोंडून निघाले, "हौसाबाईनं म्हशीला नेली असतील."

दाजींनी हातातले ताट बोटाने चाचपले. मग म्हणाले, "बरं." एवढेच. पण माझे ते वाक्य शेताच्या अधिकाऱ्यांच्या कानी गेले आणि हौसाबाईला कामावरून कमी केले. ती फाटकाशी उभी राहून मला म्हणाली, "आवं दादा, तुमी रोज बघताय न्हवं मला? मी प्रयोगाच्या पिकाला कवा हात तरी लावला का?" मी हजेरीच्या पाटीकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून दाजींनी तिला आपल्या घरी आक्काच्या हाताखाली कामाला घेतले, तीच मजुरी देऊन. चोरी करणारीला घरात घेतात, दाजी किती भोळे, असे मी त्या वेळी लोकांत बोललोसुद्धा.

दाजींनी तो गहू तरीही कापला, मळला, वजने केली, वहीत लिहिली. साक्षीदारच उरले नव्हते, तेव्हा त्या वजनांना कोणाशी ताडायचे? पुण्याला काही गेले नाही. पुढच्या हंगामात तिथे उसाचे बेणे उभे राहिले. दाजी उसाचे काम नीट करीत, पण उभ्याने करीत. ऊस बघायला त्यांना कधी वाकावे लागले नाही. आक्का एकदा म्हणाली, "आता लुगड्यांचे काठ शाबूत हायती माझ्या," आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

पुढे पाच वर्षे मी ही गोष्ट पोटात घेऊन वावरलो. दाजींच्या घरी जेवायला बसलो की हौसाबाई वाढायला येई, आणि मी ताटावर हात आडवा धरी. मग दाजी नोकरीतून मोकळे होऊन वडूजला गेले आणि हौसाबाई त्याच वाटेवरच्या आपल्या माहेरच्या गावी परतली. शेवटी दाजी दम्याने खंगले असे आक्काने कळवले तेव्हा मी वडूजला गेलो. ते ओट्यावर घोंगडी टाकून बसले होते. मी पाया पडलो आणि तिथेच सगळे सांगून टाकले. ते शांतपणे ऐकत होते. मध्ये खोकला आला तेव्हा मला हाताने थांबवले, खोकून घेतले, आणि "हं, फुडं" म्हणाले.

"मला तवाच कळलं," माझे संपल्यावर ते म्हणाले. "हौसा इळ्याबिगर गवताला हात लावत नव्हती. ही पानं वढलेली. आन् साल फाटली हुती डावीकडं. शेतावर डावखुरा तू एकटा."

"मग बोलला का नाही, दाजी?"

"बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती. आक्काचा भाऊ." पुढे म्हणाले, "हौसाच्या पापात निम्मा मी बी हाय. म्हनून घरात घेतलं तिला. तू सांगशील म्हनून वाट बघितली. गहू चार महिन्यांत सगळं सांगून मोकळा हुतो, पावणं. तुला पाच वर्सं लागली." मग विचारले, "हौसाला सांगितलंस?"

"नाही. परतताना जाणार आहे."

"ती मागल्या आखाडात गेली, रं," दाजी म्हणाले.

ओट्यापुढे कोंबड्या फिरत होत्या. मला वाटले, आता हे मला जा म्हणतील. पण ते घोंगडी सावरून उठले, आत गेले, आणि ती जुनी वही घेऊन आले. पान उघडून माझ्यापुढे धरले. सहा वाफ्यांची वजने, दाण्यांची मोजणी, सगळे त्यांच्या बारीक अक्षरात. वर लिहिले होते, 'पाने अनाहूतपणे काढली गेली.' त्याखाली, 'दर ताटास : तीन.' आणि त्याखाली, 'काढतेवेळी पानांचा रंग :' त्यापुढची जागा कोरी होती.

"किती काढली ते ताटावरनं मोजलं मी," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी पाच वर्षांनी तरुण झाला होता. "पन पानं बैलांनी खाल्ली. रंग फक्त तू बघितलाय. नीट आठव. पुरती पिवळी हुती, का शेंडा पिवळा आन् बूड हिरवं? पुरती पिवळी असतील तर बिऱ्हाड आधीच हाललं हुतं, मंग ते वाफं साक्षीदार धरता येतील. बूड हिरवं असंल तर तू भरली गाडी वाटंत लुटली. सांग, गड्या. अजून हिशेब लागंल."

त्यांनी पेनाचे टोपण काढले.

मी डोळे मिटले. त्या दोन्ही सकाळींचे दव आठवले, हाताला लागलेली कुसळे आठवली, गव्हाणीत टाकलेला भारा आठवला. रंग आठवेना. ज्या पिवळेपणाच्या भीतीने मी ती पाने तोडली, तो पिवळेपणा मी पाहिलाच नव्हता. तीन वर्षांची मेहनत माझ्या एका शब्दावर उभी होती. 'पुरती पिवळी' म्हटले असते तर ते सुखावले असते, आणि त्यांना सुख द्यावे असे मला त्या क्षणी फार वाटले.

"आठवत नाही, दाजी," मी म्हणालो.

त्यांनी वही मिटली. मग टोपण लावले. "बरं झालं, तसं म्हनलास," ते म्हणाले. "बनवून सांगितलं असतंस तर मी लिवलं असतं." आणि आत बघून ओरडले, "अगं, पावणं जेवून जानार हायती."

त्या उन्हाळ्यात दाजी गेले. आक्काने ती वही मला दिली. आता दर माघात मी कोणाच्या तरी गव्हाच्या बांधावर जातो, इकडेतिकडे बघून खाली वाकतो. गुडघे दुखतात, म्हणून पालथे पडणे जमत नाही. खालून तिसरे पान धरून बघतो. शेंडा पिवळा, मध्ये फिकट, बुडाशी अजून थोडे हिरवे. आता रंग मला स्वच्छ दिसतात. वही पिशवीत असते, पेन खिशात असते. त्या कोऱ्या जागेपुढे मी काही लिहीत नाही. पान सोडून देतो आणि बांधानेच परत येतो.