एकदा वाजवली की कळतं

इताउग्वा गावात फाटकाला घंटा बसवणारा माणूस एक तर बाहेरगावचा, नाही तर शिष्ट. आपल्याकडे फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, आतून कोणी तरी येतंच. निमिया रोतेलाला मात्र या टाळ्यांचा भारी राग. एका टाळीचा नव्हे, पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्यांचा. "एकदा वाजवली की कळतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. पोस्टमनपासून वर्गणीवाल्यांपर्यंत सगळ्यांनी ते खाली मान घालून ऐकलेलं. चिपाचे पाव विकणारी न्या ब्रीहिदा तेवढी बधायची नाही. (मान द्यायचा तर आपल्याकडे बाईला न्या म्हणायचं, बाप्याला काराई.) टोपली डोक्यावर, दोन्ही हात मोकळे, आणि दार उघडेपर्यंत टाळ्या चालूच.

निमिया सेहेचाळीस वर्षांची, म्हाताऱ्या आईबरोबर राहायची आणि गावाच्या मते दिवसभर घरात बसून काहीच करायची नाही. गावाला काय कळतंय! दूध संघाच्या थंड टाक्यांची यंत्रं तिच्या हातची होती. प्रत्येक टाकीला वीतभर बोर्ड आणि त्यात कर्नेल, म्हणजे यंत्राचा आतला कारभारी. टाकीवर चार पहारेकरी: दूध तापलं की एक ओरडणार, झाकण उघडं राहिलं की दुसरा, ढवळणी थांबली की तिसरा, वीज गेली की चौथा. चौघांना मिळून कारभाऱ्यापर्यंत तार एकच. ती चेतवायची आणि त्याला हातातलं काम सोडायला लावायचं, याला म्हणायचं इंटरप्ट. या तारेवरचं नेमकं काय घडलं की त्याला हाक समजायची, हे निमियानंच तीन वर्षांपूर्वी कर्नेलला लिहून दिलं होतं.

आणि आता यंत्र अधूनमधून मूग गिळून बसायला लागलं होतं. झाकण उघडल्याची हाक यायची, ढवळणीची यायची नाही, आणि त्यानंतर तर कशाचीच नाही. दोन टाक्या दूध नासलं. संघाचे अध्यक्ष काराई आर्सेनियो म्हणाले, "मंगळवारी तीन वाजता परदेशी यंत्रवाला येतोय. सही करून टाकणार मी. तू हुशार आहेस गं बाई, पण दुधाला ते कळत नाही."

सही झाली की निमियाचं काम संपलं. मग ब्वेनोस आयरेसला जाऊन भावाच्या फरशीच्या दुकानात उभं राहायचं, आईला आणि तिच्या लेस विणायच्या चौकटींना इथंच सोडून. या विचारानं तिला आठ दिवस जेवण गेलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिनं घरातल्या जादा बोर्डावर चौघा पहारेकऱ्यांना एकेक करून ओरडायला लावलं. चौघंही चोख. बोर्डाला चार शिव्या दिल्या, तरी चोखच. तेवढ्यात बाहेर न्या ब्रीहिदाच्या टाळ्या सुरू झाल्या.

"आई, घालव तिला," निमिया आतून ओरडली. आई, न्या एलिहिया, बाहेर गेली, चिपा घेतला, फाटक लावून आत आली.

अर्ध्या तासानं आईनं खिडकीतून डोकावलं. "निमी, संघाचा ड्रायव्हर आंब्याखाली बसलाय गं."

काराई सिरिलो संघावरचा बिघडलेला बोर्ड मांडीवर घेऊन, शेजाऱ्यांनी दिलेलं तेरेरे, म्हणजे पाल्याचं थंडगार पेय, पीत बसला होता.

"टाळी नाही का वाजवायची, काराई?" निमिया तडकली.

"वाजवली की. एकदाच. तुझा स्वभाव ठाऊक आहे मला."

"मग मला कशी नाही ऐकू आली?"

"ब्रीहिदा वाजवतच होती ना. माझी तिच्यात गेली. म्हटलं, परत वाजवावी तर तू अंगावर येणार. बसलो."

निमिया त्याच्याकडे बघतच राहिली. मग बोर्ड हिसकावून आत पळाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कर्नेलला तिनंच शिकवलं होतं, तार वर उठेल तो क्षण म्हणजे हाक. झाकणवाल्यानं तार आधीच वर धरली असेल आणि ढवळणीवाल्यानंही हात लावला, तर नवीन काहीच उठत नाही. झाकण लागलं तरी ढवळणीवाल्यामुळे तार वरच राहते, आणि पुढचं सगळं मुकं. स्वतःचा खडूसपणा तिनं यंत्राला शिकवला होता. तिला लाज वाटली, अगदी मनापासून. तिनं अर्धी ओळ बदलली: तार वर आहे तोवर हाक आहे.

यंत्र सुरू केलं, आणि ते जागच्या जागी गोठलं. कारभाऱ्याला हाकांमधून श्वास घ्यायलाही उसंत नव्हती.

"दखल घेतोय ना हा, मग ओरडणं का थांबत नाही?" ती कपाळाला हात लावून म्हणाली.

"ब्रीहिदा काय नुसतं दार उघडल्यावर जाते?" आई दोऱ्यावरची नजर न काढता म्हणाली. "चिपा घेतला की जाते."

निमियानं आणखी दोन ओळी लिहिल्या. दखल घेतली, की त्या पहारेकऱ्याला 'ऐकलं बाबा' असंही सांगायचं, म्हणजे तो तार सोडेल. टाकीवरचा भोंगा मात्र बिघाड निस्तरेपर्यंत वाजत राहील.

सिरिलोच्या ट्रकमधून दोघं संघावर पोहोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. सगळी वामकुक्षी चाललेली, फाटक बंद. परदेशी यंत्रवाला घामाघूम होऊन भिंतीवर घंटेचं बटण शोधत होता.

निमियानं टाळी वाजवली. एकदाच, सवयीनं. आत सामसूम.

सिरिलोनं तिच्याकडे बघितलं.

मग तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तळवे लाल झाले, कुत्री भुंकायला लागली. शेवटी गालावर उशीच्या वळ्या घेऊन काराई आर्सेनियो एका चपलेवर बाहेर आले.

"ऐकू आलं, बाई. एकदा वाजवली की कळतं. तूच म्हणतेस ना?"

"नाही कळत, काराई," निमिया म्हणाली. "तीन वर्षं नाही कळलं."

आत जाऊन तिनं बोर्ड बसवला, टाकीचं झाकण उघडलं, ढवळणी बंद केली. दोन्ही भोंगे वाजले. झाकण लावलं, एक थांबला. दुसरा वाजतच राहिला. यंत्रवाला कागद पसरून बसला होता, काराई आर्सेनियोंच्या हातात पेन होतं.

"अगं, हे थांबत का नाही?"

"कोणी जाऊन बघेपर्यंत नाही थांबणार."

काराई आर्सेनियोंनी थोडा वेळ कानांवर हात धरले. मग पेन खिशात ठेवलं आणि स्वतः उठून ढवळणी सुरू केली.