परतवाड्याच्या स्टँडवर तिची ड्यूटी

आंघोळ करून बाहेर आलो तर दार सताड उघडं आणि बायको घरात नाही. चपला नव्हत्या. मोबाईल मात्र उशीखालीच होता.

मी गुन्हे शाखेतून निवृत्त झालेला माणूस. चोर, दरोडेखोर, पळून गेलेली पोरंपोरी, साऱ्यांना धुंडाळून आणण्यात माझा जन्म गेला. ती हवालदार, अजून नोकरीत, पण दिवाळीपासून आजारपणाच्या रजेवर. तिला विसर पडायला लागला होता. आधी चहात दोनदा साखर, मग घरचा रस्ता, मग अधूनमधून मी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय, पण मला ते तोंडात घ्यायला आवडत नाही.

अमरावतीत आमची कॉलनी पालथी घातली, ठाण्यात सांगून ठेवलं. पण घरी बसून वाट पाहणारा मी थोडाच! जे आयुष्यभर केलं तेच केलं. माणूस हरवला की त्याच्या शेवटच्या ठिकाणापासून सुरुवात करायची. तिची शेवटची पोस्टिंग अकोल्याला, जुन्या शहरात. पकडली बस.

अकोल्यात ऊन पांढरं झालं होतं आणि रस्ते पाण्याखाली असल्यासारखे हलत होते. प्रत्येक गल्लीच्या वळणावर तीच पुढे गेल्यासारखी वाटायची. हाक मारायचो, बाई वळायची आणि भलतीच निघायची. बायकोच्या चौकीजवळची फुलवाली तिला चांगली ओळखायची. "नाई बाप्पा," ती म्हणाली, "आल्या असत्या तं माह्यापाशी बसल्या नसत्या का?" तिनं मला जबरदस्तीनं पाणी पाजलं.

मोर्णा नदीच्या पुलावर कठड्याला टेकलो तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. अबे भैताडा! गेल्या आठवड्यात ती एकदा तरी अकोल्याबद्दल बोलली का? बोलत होती ती परतवाड्याच्या जीपवाल्यांबद्दल, भरती झाल्यावरच्या तिथल्या पहिल्या पोस्टिंगबद्दल. तिचं अलीकडचं पुसलं जात होतं आणि जुनं उजळत होतं. शेवटच्या ठिकाणापासून शोधायचं हे आरोपींसाठी ठीक. ही बाई तर उलट्या दिशेनं निघाली होती, आणि मी हुशार माणूस अर्धा दिवस वाया घालवून बसलो होतो. स्वतःचा असा संताप आला की कठड्यावर मूठ आपटली. मग तिथंच, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर रडलो.

परतवाड्याच्या बसमध्ये मला डुलकी लागली. डुलकीत ती कोऱ्या खाकीत होती, गळ्यात शिट्टी. जाग आली तरी ती खिडकीच्या काचेत दिसतच राहिली. तिच्यातून केळीच्या बागा मागे जात होत्या, मग संत्र्याच्या, आणि लांबवर मेळघाटाचे निळे डोंगर. ती जिवंत असू दे, एवढंच मी मनात घोकत होतो.

दिवेलागणीला स्टँडवर उतरलो आणि आवाज ऐकला. "ए, जीप मांगं घे! कावून रस्ता अडवून राहिला बे?"

पदर खोचून, हात आडवा करून ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. आणि जीपवाले निमूटपणे जीपा मागे घेत होते. कोणी हसत नव्हतं. एक ड्रायव्हर हळूच मला म्हणाला, "दुपारपासून आहेत बाई. आमी जेवाले घातलं. हटाचं नाव घेत नाईत."

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिनं मला खालून वर पाहिलं. ओळखीचं काहीच नाही.

"काय काका? काय हरवलं?"

"बायको," मी म्हणालो.

ती एकदम गंभीर झाली. मला बाकावर बसवून शेजारी बसली आणि विचारू लागली, आम्ही दोघांनी नोकरीभर लोकांना विचारलं तसंच. उंची, बांधा, रंग. काय नेसली होती?

"हिरवी साडी," तिच्याकडे बघत मी सांगितलं. "डाव्या भुवईवर खोक आहे."

"खरं सांगा, मारता का तिले?"

"नाई बाई."

"मंग? जीव आहे तिच्यावर?"

"लय आहे. ती नसली का घर खायाले उठते मले."

मग तिनं माझा हात हातात घेतला. "रडू नका काका. मी आहे नं. ती सापडल्याबिगर तुमाले एकटं घरी जाऊ देत नाई."

तेवढ्यात एक बस लागली. माझा हात न सोडता ती उतरणाऱ्या एकेका बाईचा चेहरा न्याहाळू लागली.