गरम पोळी आणि जुना कॉम्प्युटर

मुलीने पोळीचा तुकडा भाजीला लावला आणि तिच्या फोनवरचं माशाचं अंडं नाहीसं झालं. त्या जागी काळा पडदा आला आणि त्यावर लाल इंग्रजी ओळी. तिने फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आई, गेलं."

"अंडं?"

"सगळंच."

मला वाटलं फोन बिघडला. म्हटलं, "आधी पोळी खा, मग बघ." त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की हातातली पोळी मी परत डब्यात ठेवली. मी सहसा ठेवत नाही.

माझी मुलगी जपानात क्योतोला डॉक्टरेट करत होती. माणसांचा डॉक्टर नव्हे, पुस्तकांचा. विषय म्हणजे माशाचं हृदय. मेदाका नावाचा बोटाच्या पेराएवढा मासा असतो, तिथल्या भातखाचरांत सापडतो. त्याचं अंडं काचेसारखं स्वच्छ, आतलं हृदय उडताना दिसतं. ते हृदय कसं घडतं याचं ती सूक्ष्मदर्शकाखाली चित्रण करायची, एकेक अंडं सलग तीन दिवस. अंडं एका जागी राहत नाही, थोडं थोडं वळतं, म्हणून मधूनमधून कोणाला तरी भिंग पुन्हा त्याच्यावर नीट जुळवून द्यावं लागतं. त्यापायी ही पोरगी प्रयोगशाळेतच पडून असायची आणि कोम्बिनीतले गार भाताचे गोळे खायची. कोम्बिनी म्हणजे चोवीस तास उघडं दुकान. त्या दुकानाने तिथल्या सगळ्या पोरांच्या पोटाची वाट लावली आहे.

मी थंडीत तिच्याकडे गेले ती यासाठीच. पोहोचले त्या दिवसापासून माझं एकच म्हणणं होतं: सातला घरी ये, पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. ती म्हणायची, "आई, अंड्याला घड्याळ कळत नाही." मी म्हणायचे, "मग त्याला शिकव, तू एवढी शिकलेली आहेस."

आणि एका आठवड्यात ती खरंच सातला यायला लागली. फोन ताटाशेजारी उभा करायचा, त्यावर अंडं दिसायचं, जेवता जेवता बोटाने सरकवून भिंग जुळवायचं. सूक्ष्मदर्शकाच्या कॉम्प्युटरला तिने प्रयोगशाळेतल्या जाळ्याची, म्हणजे इंटरनेटची, तार लावली होती. मला फार कौतुक वाटलं. म्हटलं, "हे आधी का नाही सुचलं?"

"सुचलं होतं," ती म्हणाली. "लावायची नसते ती तार."

"मग लावलीस का?"

"तू सातची रट लावलीस म्हणून."

मी पोळी वाढली. विषय संपला असं मी समजले.

फोनवरचं अंडं गेलं त्या संध्याकाळी ती तशीच कोट चढवून सायकलवरून गेली. थोड्या वेळाने फोन आला की अंड्याची बशी उबदार कपाटात ठेवली आहे, अंडं ठीक आहे. मी म्हटलं, कमरेला चिकटवायची उबेची पुडी आहे माझ्याकडे, ती आणू का? "आई, त्याला जगवायचंय, उकडायचं नाही," म्हणाली. विनोद करते म्हणजे धुगधुगी आहे, असा मी अर्थ काढला. पण चित्रणं मात्र सगळी गेली होती. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक फायलीला कोणीतरी कुलूप घातलं होतं आणि किल्लीसाठी पैसे मागत होतं. चित्रणांची दुसरी प्रत होती, पण ती ज्या डबीत, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये, होती ती डबी त्याच कॉम्प्युटरला जोडलेली. तिलाही कुलूप. दागिने चोरीला जाऊ नयेत म्हणून दुसरी जोडी करायची आणि दोन्ही एकाच पेटीत ठेवायच्या, अशातली गत. हे मी तिला त्या वेळी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन बसने गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. आत खायला बंदी, म्हणून बाहेरच्या बाकावर बसले. विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागातला एक बारीक, चष्मा लावलेला माणूस यंत्र तपासून बाहेर आला आणि माझ्यासमोरच मुलीशी इंग्रजीत बोलायला लागला. मी तिला म्हटलं, मलाही सांग, पोळी माझी आहे.

"ते विचारतायत की मी काही दाबलं का, कुठली ईमेल उघडली का," ती म्हणाली.

"दाबलंस?"

"काही नाही दाबलं. मी जेवत होते."

त्या माणसाने मान हलवली. दाबायची गरजच नव्हती म्हणाला. त्या कॉम्प्युटरची मूळ प्रणाली, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं चालतं ती, फार जुनी. बनवणाऱ्यांनी तिची डागडुजी कधीच बंद केलेली. बाहेरून निरोप आला की तो ठेवायला तिच्या मेमरीत ठरावीक जागा असते. नव्या प्रणालीत जागेपेक्षा मोठा निरोप आला तर तो दारातच अडवतात. या जुनीत ते मोजायचंच एका ठिकाणी राहून गेलं होतं. निरोप जागेत मावला नाही की उरलेला शेजारच्या जागेत सांडायचा, आणि त्या शेजारच्या जागेत यंत्राने पुढे काय करायचं ते हुकूम लिहिलेले. म्हणजे बाहेरच्याने बरोब्बर मापाने सांडवलं की यंत्र त्याचा हुकूम स्वतःचा समजून पाळतं.

"आप्पेपात्र," मी म्हटलं. "एका खळग्यात जास्त ओतलं की शेजारच्या खळग्यात जातं."

मुलीने ते त्याला सांगितलं. तो विचार करून म्हणाला, जवळपास तसंच, पण तुमच्या आप्पेपात्रात शेजारचा खळगा घराच्या किल्ल्या ठेवायचा असता तर. मी म्हटलं, असं आप्पेपात्र मी विकतच घेणार नाही. तो हसला आणि म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी तसंच घेतलं होतं, दुसरं मिळत नव्हतं.

हा दोष जगाला बऱ्याच वर्षांपासून माहीत होता. नव्या प्रणालींमध्ये तो बुजवलेला. मग बदलली का नाही? तर सूक्ष्मदर्शक चालवणारी आज्ञावली फक्त त्याच जुन्या प्रणालीवर चालते, आणि ती लिहिणारी कंपनी आता नाही. सूक्ष्मदर्शक उत्तम. म्हणून कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवली होती की हा जाळ्याला जोडू नये, आणि त्यावर सगळं इतकी वर्षं नीट चाललं होतं. शेजारच्या खोलीत पाहुण्या संशोधकाच्या लॅपटॉपला आधीच व्हायरसची लागण झालेली होती. त्या व्हायरसने जाळ्यावर कुठला कॉम्प्युटर उघडा आहे ते चाचपलं आणि हिचा सापडला.

तो माणूस गेल्यावर मुलगी म्हणाली, "तुझ्या पोळीमुळे झालं हे."

"पोळीने तार जोडली?"

"तू म्हणालीस सातला ये."

"सातला ये म्हटलं. चिठ्ठी वाचू नको म्हटलं नव्हतं." मी डबा उघडला. "आणि आजही म्हणते. चल, गार होतंय."

ती खाली मान घालून जेवली. जेवली हे महत्त्वाचं.

खरी भीती पुढे होती. तिचे प्राध्यापक, सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचे, मार्चअखेर निवृत्त होणार होते. मूळ चित्रणं स्वतः पाहिल्याशिवाय ते प्रबंधावर सही करणारे नव्हते, आणि त्यांच्यानंतर हा विषय पाहणारं तिथे कोणी नव्हतं. म्हणजे मार्च संपायच्या आत पुन्हा सगळं चित्रण, नाहीतर इतक्या वर्षांच्या कामावर पाणी.

आधी माफी मागायची होती. त्या कॉम्प्युटरवर आणखी एका मुलीचंही काम होतं. मी म्हटलं, बेसनाचे लाडू करते. मुलगी म्हणाली, इथे घरच्या लाडवांनी माफी मागत नाहीत, दुकानातला, कागदात घडी न मोडता बांधलेला डबा लागतो. तसा आणला. त्या मुलीने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि तीच उलट वाकून माफी मागायला लागली, कारण पाहुण्याला जाळ्याची तार तिनेच दाखवली होती. दोघी वाकत राहिल्या. आधी सरळ कोण होणार ते ठरेना. मी बाकावरून पाहत होते. माझी कंबर दुखायला लागली.

सेन्सेईंकडे ती एकटी गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"काय म्हणाले?"

"विचारलं, तार का जोडली."

"मग?"

"खरं सांगितलं. आई म्हणते जेवण गरम पाहिजे."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, त्या दिवशी जेवलीस का?"

"काय सांगितलंस?"

"अर्धी पोळी."

मला तो माणूस तेव्हापासून आवडला.

मेदाका रोज सकाळी अंडी घालतात, ती अडचण नव्हती. अडचण वेळेची होती. अडगळीत तसाच आणखी एक जुना कॉम्प्युटर निघाला. चष्मेवाल्याने त्याचं तार लावायचं भोकच बंद करून टाकलं आणि वर चिठ्ठी लावली, या वेळी इंग्रजीतही. आता घरी बसून पाहता येणार नव्हतं. कोणीतरी तिथे बसायलाच हवं. दिवसा मुलगी, आणि ती झोपायला गेली की तिच्या जागी सेन्सेई, आपली निवृत्तीची खोकी भरता भरता. मी संध्याकाळची बस धरायचे. पोळ्या पंच्यात, पंचा जाड पिशवीत, पिशवी कोटाच्या आत. पोहोचेपर्यंत वाफ असायची. बाकावर दोघांना वाढायचे. सेन्सेईंना पोळी हाताने तोडणं काही जमलं नाही, ते चॉपस्टिकने अख्खी घडी उचलायचे आणि कडेने कुरतडायचे. मुलीला म्हटलं, त्यांना सांग, हा मासा नाही. तिने सांगितलं नाही. पण त्यांना कळलं असावं, कारण ते हसले आणि पुढच्या वेळी हात धुऊन आले.

सगळी चित्रणं काही पुन्हा झाली नाहीत. एक प्रकरण गाळावं लागलं. त्यावर ती रडली. मी म्हटलं, लोकांना उरलेली प्रकरणंसुद्धा वाचून होणार नाहीत. सेन्सेईंनी नवी चित्रणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, मध्ये एकदाही न उठता, आणि मग सही केली. तीन दिवसांनी त्यांची खोली रिकामी झाली.

कुलूपबंद फायली कोणाला उघडता आल्या नाहीत. पैसे कोणी दिले नाहीत. पहिला कॉम्प्युटर भंगारात गेला. त्या संध्याकाळच्या अंड्यातून मासा निघाला आणि टाकीत गेला. ती सगळंच गेलं म्हणाली होती, पण तो आहे, मुलगी आहे, सेन्सेई आहेत, मी आहे.