हात दाखवणारी बाई

भूत नसतं असं छातीठोकपणे सांगणारा आणि तरीही जन्मभर भुतांवरच लिहिणारा एकच माणूस मला माहीत आहे. धर्मपाल खंडारे. मूळ वलगावचे, राहायला अमरावतीत, वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. त्यांची सगळी पुस्तकं अकोल्यात माझ्या प्रेसवर छापली गेली, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क माझा आहे असं मी समजतो. माझी प्रेस म्हणजे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि निवडणूक आली की हँडबिलं. कथांचं पुस्तक घेऊन कोणी माझ्या दारात उभं राहील असं मला कधी वाटलं नव्हतं. पण अमरावतीच्या प्रकाशकांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं, आणि कुणाच्या तरी पत्रिकेच्या तळाशी त्यांनी माझा पत्ता वाचला होता.

"सरफराजभाई, पत्रिका छापता ना? मंग हे बी छापा," ते म्हणाले. "फक्त वरतं गणपती नोका टाकू."

तिथून आमची गट्टी जमली. एसटीनं यायचे, प्रेसवर बसून स्वतः प्रूफं तपासायचे, पुस्तकं कापडी पिशवीत भरून परत जायचे. विकायचेही स्वतःच. बसस्टँडवर, जत्रेत, पौर्णिमेला विहाराबाहेरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर. त्या स्टॉलवर त्यांची फार टर उडवली जायची. शेजारी अंधश्रद्धेविरुद्धची पुस्तकं मांडलेली आणि मध्येच हे हडळी घेऊन बसलेले. कोणी टोकलं की म्हणायचे, "भूत नसते हे मले पक्कं माहीत हाय, म्हनूनच लिवता येते. भेनारा मानूस काय लिवन?" त्यांच्या बायकोला, केशरबाईंना, हे उत्तर अजिबात पटायचं नाही. त्या म्हणायच्या, "तुमी नाई भेत, पन वाचनारा भेते ना!"

हे वेड त्यांना धारणीत लागलं. नोकरीची बरीच वर्षं मेळघाटात गेली. तार तुटली की जंगलात जायचं, लाइन बंद करायची आणि खांबावर चढायचं. एकदा चहा पिताना त्यांनी मला सांगितलं, "मी लाइन बंद केली की गावंच्या गावं काळी व्हायची बापू. वरतून पाहाव तं दिवा नाई, मानूस नाई, नुसते कुत्रे भुकून राह्यले. एवढा अंधार रिकामा कसा ठेवाव? मंग मी त्याच्यात एक एक बाई, एक एक म्हातारा सोडत गेलो." ते हसत हसत सांगत होते. मला मात्र त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

त्यांची लिहायची पद्धत ठरलेली होती. भूत खोटं, पण जागा खरी. कुठल्या फाट्यावर, कुठल्या झाडाखाली, कुठल्या पुलाच्या अलीकडे, सगळं जसंच्या तसं. वाचणाऱ्याला ती जागा माहीत असली की बाकीचं काम तो स्वतःच करतो, असं त्यांचं म्हणणं. एक पथ्य मात्र ते कडक पाळायचे. जिथं माणसं राहतात, उठतात-बसतात, अशी जागा घ्यायची नाही. म्हणून 'हात दाखवणारी' या पुस्तकासाठी त्यांनी धारणीच्या रस्त्यावरचं एक वळण निवडलं. बिब्याचं मोठं झाड, एका बाजूला दरी, आसपास वस्ती नाही. नोकरीत असताना ते तिथून कितीदा तरी गेले होते आणि त्यांना तिथं कधी माणूस दिसला नव्हता.

गोष्ट साधी होती. शनिवारी, दिवस बुडताना, पिवळ्या लुगड्यातली एक बाई त्या झाडाखाली उभी असते. हातात फडक्यात बांधलेला डबा. ती हात दाखवते, जीप थांबते, ती मागे बसते. कोणत्या गावी उतरायचं असं विचारलं तर उत्तर येत नाही. मागे वळून पाहावं तर सीट रिकामी आणि डबा तिथंच. डबा गरम असतो. जो उघडतो तो पुढचा शनिवार पाहत नाही.

हे पुस्तक फार चाललं. कोणीतरी ते वाचून मोबाइलवर रेकॉर्ड केलं, खाली वाऱ्याचं संगीत टाकलं आणि ते या फोनवरून त्या फोनवर फिरायला लागलं. लेखकाचं नाव वाटेतच गळलं. मग एक दिवस अचलपूरचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला द्यायला आले आणि शाईचा रंग निवडता निवडता मला तीच गोष्ट सांगायला लागले. त्यांच्या साडूच्या जीपला ती बाई आडवी आली होती म्हणे. मी हसलो, कपाटातून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, ही आमच्या लेखकानं रचलेली गोष्ट आहे. त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे पुस्तकात पण आलं तर!"

मी हा किस्सा धर्मपालभाऊंना फोनवर सांगितला. ते खूश झाले. लेखकच तो.

दिवाळीनंतर त्यांना एक फोन आला. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांचा नंबर होता, त्यावर. त्या वळणाच्या वर टेकाडामागं एक आश्रमशाळा नव्यानं सुरू झाली होती, तिथल्या अधीक्षिका दीक्षा मॅडम बोलत होत्या. त्यांच्या स्वयंपाकीण पार्वताबाई आठवडाभर शाळेत राहायच्या आणि शनिवारी संध्याकाळी मुलांचं जेवण उरकून गावी नातीकडे जायच्या. तोवर शेवटची एसटी गेलेली असायची. म्हणून त्या पायवाटेनं खाली उतरून झाडाखाली उभ्या राहायच्या आणि जीपला हात दाखवायच्या. हातात उरलेल्या खिचडीचा डबा. पूर्वी पहिलीच जीप थांबायची. आता एकही थांबत नव्हती, आणि का ते बाईंना सांगायचा मॅडमना धीर होत नव्हता. बाई अंधारात जंगलातून चालत जायच्या. त्या भागात अस्वल फिरत होतं. गेल्या शनिवारी जीपमधून कोणीतरी त्यांना दगड मारला होता. "काका, तुम्ही काहीतरी करा," मॅडम म्हणाल्या, "नाहीतर एखाद्या शनिवारी बाई घरी पोचणार नाहीत."

धर्मपालभाऊ दुसऱ्याच दिवशी माझ्या प्रेसवर आले. खुर्चीत बसले. म्हणाले, "शाळा कधी झाली मले माहीतच नाई. शनिवार म्या असाच टाकला होता बापू. डबा बी असाच."

त्या शनिवारी आम्ही दोघं धारणीला गेलो. जीपस्टँडवर धर्मपालभाऊंनी पुस्तक वर धरून सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं, हे मी लिहिलंय, सगळं खोटं आहे, तिथं उभी असते ती शाळेची स्वयंपाकीण आहे, तिला बसवत जा. ड्रायव्हर मंडळींनी अदबीनं ऐकून घेतलं, आम्हाला चहा दिला. मग देवमन नावाचा एक पोक्त ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुमी लिवलं हे मान्य. पन तुमाले सुचवलं कोनं? तिनंच सुचवलं असन."

भाऊंनी वर धरलेलं पुस्तक पिशवीत टाकलं.

देवमनच्याच जीपमध्ये आम्ही परत निघालो. भाऊ पुढे, मी मागे. थंडीचे दिवस, पाच वाजून गेले की घाटात उन्हाचा पत्ता नसतो. जीपमध्ये गप्पा चालल्या होत्या त्या हळूहळू थांबल्या. कोणी कोणाला गप्प बसा म्हटलं नाही. एका म्हातारीनं पदराचं टोक तोंडात धरलं. वळण आलं, बिब्याचं झाड आलं, आणि झाडाखाली बाई उभी होती. पिवळं लुगडं. एका हातात डबा, दुसरा हात वर.

जीपनं वेग घेतला. मला ठाऊक होतं ती कोण आहे. तिचं नाव ठाऊक होतं, पगार कोण देतं ते ठाऊक होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला आणि लहानपणी पाठ केलेली दुआ मला अर्धीच आठवली. मी भाऊंकडे पाहिलं. आता ते ओरडतील, थांबव म्हणतील. त्यांनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि डोळे घट्ट मिटले होते. बाई बाजूनं मागे गेली. वळण संपलं. तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून शब्द फुटला, "थांबव."

देवमननं आम्हाला उतरवलं आणि मागे न बघता जीप काढली. आम्ही वळणाकडे चालत निघालो.

झाडापासून थोड्या अंतरावर असताना बाई ओरडली, "तिथंच थांबा! पाय दाखवा!" तिच्या हातात दगड होता.

आम्ही मुकाट्यानं चपला काढल्या. मी मोबाइलची बत्ती आमच्या पायांवर धरली. पायांची बोटं पुढेच आहेत अशी खात्री पटल्यावर तिनं दगड टाकला आणि मटकन खाली बसली. मग मला तिचं लुगडं नीट दिसलं. निळं होतं. जीपमधून ते मला पिवळं कसं दिसलं, हे मी आजही सांगू शकत नाही.

"मले वाटलं, ते बाई मानसाचं रूप घेऊन आली," पार्वताबाई म्हणाली. "इथंच उभी रायते म्हनतात ते. आठ दिवसातला हा एक वार मले नको वाटते. झाडाखाली आली की मी देवाले हात जोडून घेते, आज तिले दाखवू नोको म्हून. अजून तरी दिसली नाई."

धर्मपालभाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले. "ते बाई नाई," ते म्हणाले. "कधी नव्हतीच. म्या लिवली ते. पुस्तकात."

"मंग जीपवाले कोनाले पाहून पळतात?"

"तुमाले," ते म्हणाले. "लोक तुमालेच ते बाई समजून राह्यले."

तिनं आधी डब्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. रडली नाही, चिडली नाही. तिनं शिवी दिली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं. तेवढ्यात मागून जीपचा आवाज आला, झाडाच्या फांद्यांवर उजेड पडला. धर्मपालभाऊ उठून रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात वर केले. मी पार्वताबाईकडे बघत होतो. तिनं हात वर केला नाही. तिनं पदर तोंडावरून खाली ओढला आणि रस्त्याकडे पाठ करून झाडाच्या बुंध्याला चिकटून उभी राहिली, म्हणजे कोणी तिला भिऊ नये.

जीप भाऊंना चुकवून गेली. आतून बायकांचा आरडाओरडा ऐकू आला.

आम्ही तिघं तिच्या गावापर्यंत चालत गेलो. वाटेत भाऊंनी डबा आपल्या हातात घेतला. घरी आल्यावर त्यांनी उरलेली पुस्तकं चुलीत घातली, एका वर्तमानपत्रात खुलासा दिला. खुलासा वाचून आणखी चार लोकांना ती गोष्ट कळली. पुढे काय करावं ते केशरबाईंनीच सांगितलं. "तुमीच उभी केली ना तिले? मंग आता तिच्या बाजूले उभे राहा."

आता दर शनिवारी सकाळी धर्मपालभाऊ अमरावतीहून बसनं निघतात. दिवस बुडताना झाडाखाली पोचतात, पार्वताबाईचा डबा घेतात आणि रस्त्याकडे तोंड करून हात दाखवतात. जीप थांबत नाही. मग दोघं चालत जातात. त्यांनी लिहिणं सोडलंय, पण गोष्ट थांबलेली नाही. परवा माझ्या प्रेसवर बसलेला एक परतवाड्याचा पोरगा सांगत होता की त्या वळणावर हल्ली बाई एकटी नसते, तिच्या बाजूला एक म्हातारा असतो आणि डबा त्याच्या हातात असतो. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हे खोटं आहे असं मला त्याला म्हणता आलं नाही.