मटणात दही नको

रिबेकाबाई आष्टमकर म्हणजे मराठी ज्यू. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांची नोकरी सरली, नवरा गेला, मुलं इस्रायलला गेली. अठ्ठ्याण्णव साली त्या दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या आमच्या नव्या सोसायटीत एकट्याच राहायला आल्या. मुलं बोलवायची, तर म्हणायच्या, "तिकडे माझ्याशी मराठीत भांडणार कोण?"

सोसायटीच्या पहिल्या जेवणाला नारळाच्या दुधातलं मटण त्यांनी रांधलं होतं. "मटन में नारियल?" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. आमच्या कोकणातली रीत आहे ही, असं मी ठणकावून सांगायची. त्या दिवशी शेजारच्या बाई दह्याचा वाडगा घेऊनच पुढे आल्या. तोच रेवदंड्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी पातेल्यावर हात आडवा धरला.

"नको! आमच्यात मटणात दही घालत नाहीत."

"का हो?" रिबेकाबाईंनी विचारलं.

"कोण जाणे. सासूनं सांगितलं, आम्ही पाळलं."

रिबेकाबाईंनी गॅस बारीक केला. "आमच्या धर्मात मांसाला दूधदही चालत नाही, म्हणून हे नारळाचं दूध. गावी तुमच्या शेजारी कोण राहायचं?"

"शनवारतेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे. मागच्या दारानं रोज वाट्यांची देवघेव असायची. सगळी घरं इस्रायलला गेली."

"आम्ही त्यांच्यातलेच."

रिबेकाबाईंनी डाव सासूबाईंच्या हातात दिला.

"चव बघा जरा. आईसारखं झालंय का, हे सांगायला आता इथे माझं कुणी उरलं नाही."